केरोबा अस्वल आणि अस्सल चोक

एका जंगलात एक मोटार होती.

हसू नका. गोष्टीत सिंह बोलतो तेव्हा तुम्ही मुकाट ऐकता, मग मोटारीलाच का हसता?

खूप वर्षांपूर्वी एक गोरा साहेब तीत बसून वाघाच्या शिकारीला आला होता. तंबू ठोकून पुष्कळ दिवस राहिला. शेवटी एकदाचा वाघ भेटला. साहेब पायीच परत गेला आणि मोटारीपेक्षा जोरात गेला, असं जुनी जाणती जनावरं सांगतात. मोटार मात्र राहिली ती राहिलीच.

ती केरोबा अस्वलाने ठेवून घेतली. केरोबा मध गोळा करायचा. डोंगरापलीकडे नदीकाठी आठवड्याचा बाजार भरे. केरोबा आणि त्याची बायको भागीरथी मोटारीत मधाचे बुधले भरून तिकडे जात. ती त्याच्या शेजारी बसायची आणि वाटेत भेटेल त्या सशाला, भेकराला हात करायची. पेट्रोल कुठलं, असं कोणीतरी विचारणारच. पेट्रोल नव्हतंच. मोहाची होती. पहिल्या धारेची. मोटारीला ती इतकी मानवली होती की चढावर मोटार गाणं म्हणायची.

आता थोडं इंजिनाविषयी सांगतो. कंटाळा आला तर जांभई द्या, पण तोंडावर हात ठेवून.

इंजिनाला एक तोंड असतं. त्यातून ते हवा ओढतं. केरोबाच्या इंजिनाच्या तोंडावर मूळचं काही उरलं नव्हतं. त्याने तिथे दूध-पावडरीचा एक डबा भोकं पाडून बसवला होता आणि आत नारळाचा काथ्या कोंबला होता, म्हणजे धूळ जायला नको. शिवाय सकाळी इंजिन गारठलेलं असतं. गारठलेल्या इंजिनाला हवा कमी आणि दारू जास्त लागते. तुमच्या काही काकांचंही तसंच असतं. म्हणून सुरू करताना हवेचं तोंड थोडा वेळ झाकायचं आणि इंजिनाने सूर धरला की उघडायचं. या झाकणाला चोक म्हणतात.

केरोबाकडे चोक नव्हता. तळवा होता. अस्वलाचा तळवा भाकरीएवढा असतो. रोज सकाळी तो डबा उचलायचा, तळवा इंजिनाच्या तोंडावर दाबायचा आणि भागीरथी पुढून हँडल मारायची. हँडल मारायला जोर यावा म्हणून ती सासरच्यांचा उद्धार करायची. पहिल्या फेऱ्याला सासू. दुसऱ्याला नणंद. तिसऱ्याला आत्तेसासू. आत्तेसासूपर्यंत गाडी सुरू झाली नाही, असं कधी झालं नव्हतं.

असं सगळं बरं चाललं होतं. आणि बरं चाललेलं असलं की कोणाच्या तरी डोळ्यांत खुपतंच. इथे ते केरोबाच्याच डोळ्यांत खुपत होतं.

कारण त्याचा मेहुणा. भागीरथीचा भाऊ रंगनाथ सिंहमहाराजांची आयाळ विंचरायचा. त्याला 'राजकेशभूषक' अशी पदवी होती आणि पदवीबरोबर एक लाल पट्टा होता. रंगनाथ तो पट्टा घालून जेवायचा. पट्टा घालून झोपायचा. केरोबाकडे आला की मध चाटता चाटता म्हणायचा, "दाजी, तुमचं बाकी बरं आहे हं. तुम्हाला पट्टा सांभाळावा लागत नाही."

त्या रात्री केरोबाला मध गोड लागायचा नाही.

अशात सिंहमहाराजांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव आला. (आमच्याकडच्या रानात सिंह नसतात, असं ज्यांना म्हणायचं आहे त्यांनी महाराजांना जाऊन सांगावं.) महाराजांना नुकताच 'वारसा' हा शब्द सापडला होता. तो ते दिवसभर वापरायचे. त्यांनी दवंडी पिटवली की यंदाची मिरवणूक मोटारीतून निघेल, पण मोटार नखशिखान्त अस्सल हवी. जो तशी मोटार हाकेल तो 'राजसारथी'. त्याला पट्टा मिळेल. आणि हा पट्टा रंगनाथच्या पट्ट्यापेक्षा वीतभर रुंद असेल.

आधीचा राजसारथी एक तरस होता. मागच्या मिरवणुकीत रथाचं चाक खड्ड्यात गेलं आणि महाराजांचा मुकुट नाकावर आला. त्या दिवशी महाराज दुपारी जेवले नाहीत. भूक नाही म्हणाले. तरस नंतर कोणाला दिसला नाही.

भागीरथीने नवऱ्याला या सगळ्याची आठवण करून दिली. केरोबाने फक्त 'वीतभर रुंद' एवढंच ऐकलं.

मोटार तपासायला बापूसाहेब बगळे आले. बापूसाहेब हे जंगलाचे मुख्य अस्सलता-तपासनीस. अंगावर पांढरे स्वच्छ कपडे, डोळे अर्धे मिटलेले. परदेशी बदकांशेजारी त्यांनी दोन हिवाळे काढले होते, त्यामुळे त्यांना सगळ्यातलं सगळं कळत होतं. ते एका पायावर उभे राहिले. केरोबाने इंजिनावरचं झाकण उघडलं. बापूसाहेबांनी उरलेले अर्धे डोळेही मिटले.

"शिव शिव शिव. हे काय आहे?"

"डबा आहे, बापूसाहेब."

"कसला?"

"दूध-पावडरीचा."

"साहेब हा डबा लावून आला होता?"

"तसं नाही. पण गाडी चालते."

"चालते?" बापूसाहेब दुखावल्यासारखे झाले. "अहो, चालतं तर गाढवसुद्धा. त्याला कोणी वारसा म्हणतं का?"

"आणि चोक?" त्यांनी थोड्या वेळाने विचारलं.

केरोबाने लाजत तळवा पुढे केला. बापूसाहेबांनी चोचीनेच 'नको' अशी खूण केली.

मग त्यांनी सांगितलं की इंजिनाच्या तोंडाला मुळात एक पितळी कर्णा होता. कर्ण्याच्या आत चोकची गोल पितळी झडप होती. आणि ती ओढायला एक तार होती. हे तिन्ही परत जागच्या जागी बसवा, मग मी माझी मोहोर लावतो. नाहीतर पट्टा विसरा.

केरोबा कामाला लागला. जंगलात काही हरवत नाही, फक्त दुसऱ्याच्या घरी जातं. कर्णा कोंडिबा रानकोंबड्याकडे निघाला. कोंडिबा त्यातून रोज पहाटे आरवायचा आणि सगळं जंगल ताडकन उठायचं.

"कोंडिबा, हा कर्णा माझ्या मोटारीचा आहे," केरोबा म्हणाला.

"हा कर्णा माझ्या आरवण्याचा आहे," कोंडिबा म्हणाला. "माझा बाप यातून आरवला. माझा आजा यातून आरवला. एकदम अस्सल आहे."

"त्याच्या आधी तो मोटारीला होता."

"त्याच्या आधी तो खाणीत पितळ होता. मग काय, खाणीला परत करू?"

पितळ खाणीत सापडत नाही हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून वाद बरोबरीत सुटला. शेवटी केरोबाने मधाचा एक बुधला दिला. कोंडिबा विरघळला. पण म्हणाला, "मी आरवू कशातून?"

"हा डबा घे," केरोबा म्हणाला. "मला आता लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी कोंडिबा पहाटे उठला, छाती फुगवली आणि डब्यातून आरवला. आत काथ्या तसाच होता. 'कुकूच कू'च्या ऐवजी 'घुघुम घू' असं काहीतरी निघालं. जंगलातल्या जनावरांना वाटलं, घुबड घरी चाललंय, म्हणजे अजून रात्र आहे. सगळे कूस बदलून पुन्हा झोपले. त्या दिवसापासून जंगल दुपारी उठू लागलं.

चोकची झडप साळूबाई साळिंदरीच्या करवंदांच्या लोणच्यावर झाकण म्हणून बसली होती. साळूबाई आधी नाही म्हणाली, मग अंग फुलवलं, मग पाठ केली. साळिंदर पाठ करतं तेव्हा समजूतदार जनावर मागे सरकतं. केरोबाच्या नाकात तीन काटे घुसले, पण झडप मिळाली. झडपेला लोणच्याचा वास येत होता. लोणच्याला मात्र चार दिवसांत बुरा आला आणि साळूबाईने केरोबाशी बोलणं टाकलं.

तार खारींच्या वाड्यात कपडे वाळत घालायला बांधली होती. खारींना कपडे नसतात, असं तुम्ही म्हणाल. तार गेल्यापासून नाहीत.

तिन्ही वस्तू चकचकीत घासून केरोबाने जागच्या जागी बसवल्या. दिसत मात्र सुंदर होतं. केरोबा लांबून बघायचा, जवळून बघायचा, डावीकडून बघायचा. भागीरथी म्हणाली, "अहो, बघून झालं असेल तर सुरू करा. उद्या बाजार आहे."

केरोबाने तार ओढली. भागीरथीने हँडल मारलं. सासू. नणंद. आत्तेसासू. आत्तेसासूला इंजिन जागं झालं. केरोबाने झडप उघडायला तार ढकलली. झडप उघडलीच नाही. मिटलेली ती मिटलेलीच राहिली. इंजिनाचा श्वास कोंडला. ते एकदा 'ख्यॅक' म्हणालं आणि गेलं.

पुन्हा मारलं. पुन्हा ख्यॅक.

मग कर्ण्याने एक पळसाचं पान ओढून घेतलं आणि ख्यॅकसुद्धा बंद झालं. केरोबाला वाटलं आपला तळवा ठेवावा. पण तळवा ठेवायला आता जागाच नव्हती. तिथे अस्सल कर्णा होता.

बाजार बुडाला. केरोबा धावत तळ्यावर गेला. बापूसाहेब ध्यान लावून बसले होते. म्हणजे मासे बघत होते.

"बापूसाहेब, सगळं मूळचं बसवलं. पण गाडी चालत नाही!"

बापूसाहेब प्रसन्न हसले. "अभिनंदन! याचा अर्थ काम अचूक झालंय."

"पण आधी चालायची हो!"

"केरोबा, नीट समजून घ्या. चालणं हा त्या मोटारीचा मूळ भाग नव्हे. चालणं ही तुम्ही नंतर केलेली सुधारणा आहे. आपण ती काढून टाकली."

त्यांनी येऊन कर्ण्यावर, झडपेवर आणि तारेवर लाखेची लाल मोहोर लावली. मोहोर फुटली तर पट्टा गेला, असं बजावून ते पुन्हा मासे बघायला गेले.

घरी भागीरथीने कपाळाला हात लावला. "मिरवणुकीत गाडी बंद पडली तर महाराज तुम्हाला खातील. कळतंय का? खातील! तरसाला खाल्लं तसं. ती लाख फोडा. कोंडिबाला मध देऊन डबा परत आणा. महाराजांना सांगा, आमची गाडी अशी आहे, बसायचं तर बसा."

"आणि रंगनाथ?" केरोबा म्हणाला.

"त्याचं काय?"

"तो येईल. पट्टा घालून येईल. आणि म्हणेल, दाजी, मोहोर फोडलीत वाटतं."

भागीरथीने खूप समजावलं. रडली. मग रागावून मधाच्या बुधल्याकडे तोंड करून बसली. केरोबाला फार वाईट वाटलं. त्याला खरोखर भीती वाटत होती. पण बाबांनो, मरणाची भीती रोज वाटत नाही आणि मेहुणा दर रविवारी येतो. केरोबाने लाख फोडली नाही.

मिरवणुकीचा दिवस उजाडला. तो उजाडला, पण जंगलाला कळलं नाही, कारण कोंडिबा डब्यातून आरवला होता. सूर्योदयाला निघायची मिरवणूक भर दुपारी गोळा झाली. कोणी डोळे चोळत होतं, कोणी उलटं तोरण बांधत होतं. सिंहमहाराज सकाळपासून मुकुट घालून उपाशी बसले होते. मिरवणूक झाल्याशिवाय जेवायचं नाही, असा रिवाज होता. महाराज येणाऱ्याजाणाऱ्याकडे जरा लक्षपूर्वक बघत होते.

ते मोटारीत बसले. मोटार त्यांच्या वजनाने हाय म्हणाली. रंगनाथ त्यांची आयाळ सारखी करत शेजारी उभा राहिला. बापूसाहेबांनी मोहोर तपासली आणि समाधानाने एक पाय वर घेतला.

"चला," महाराज म्हणाले.

केरोबाने तार ओढली. भागीरथी पुढे आली. तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि हँडलला हात घातला. सासू. नणंद. आत्तेसासू. ख्यॅक. चुलतसासू. मामेसासू. ख्यॅक. थोरल्या जावेची आई. ख्यॅक. नणंदेच्या नणंदेचे दीर. भागीरथी घामाघूम झाली. हळूहळू सगळे नातेवाईक संपले. तिने शेजाऱ्यांकडे मोर्चा वळवला, पण शेजाऱ्यांनी इंजिन सुरू होत नाही.

शेवटी तिने हँडल सोडून दिलं.

"काय झालं?" महाराजांनी विचारलं. त्यांच्या पोटातून गुरगुर आली. की घशातून आली, ते केरोबाला कळलं नाही.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारं कासव धापा टाकत पुढे आलं. साहेबाच्या काळात ते तरणं होतं. ते केरोबाच्या कानाशी येऊन म्हणालं, "अरे, तो कर्णा नि ती झडप लावू नकोस रे. साहेबानेच पहिल्या आठवड्यात काढून फेकली होती. त्याच्या बर्फाच्या देशातली ती, आपल्या उन्हात झडप फुगून बसते. फार शिव्या दिल्या होत्या बिचाऱ्याने. लाथ मारून फेकली."

"मग हे आधी नाही का सांगायचं?" केरोबा जवळजवळ रडतच म्हणाला.

"आधीच तर निघालो," कासव म्हणालं. "तू कोंडिबाला डबा दिलास, त्याच दिवशी घरून निघालो. आत्ता पोचतोय."

महाराज केरोबाकडे बघू लागले. केरोबाच्या डोळ्यांसमोर तरस आला. पळावं तर चारी बाजूंनी प्रजा. लपावं तर झाड लांब. त्याने काय केलं असेल? तो मोटारीच्या मागे गेला, खाली वाकला, डोकं मोटारीच्या पाठीला टेकवलं आणि थरथर कापू लागला.

अस्वल कापतं तेव्हा लहानसहान कापत नाही. मोटार हलली.

"अरे वा!" महाराज म्हणाले.

केरोबाने ते ऐकलं आणि तो आणखी घाबरला. आणखी कापला. मोटार वीतभर पुढे गेली, मग हातभर. "आवाज नाही! धूर नाही!" महाराज आनंदाने ओरडले. "बापूसाहेब, याला म्हणतात अस्सल!"

"आम्ही म्हणालोच होतो," बापूसाहेब डोळे मिटून म्हणाले.

आता महाराज खूश आहेत आणि केरोबा मागे काहीतरी करतोय, एवढं प्रजेला दिसलं. खूश महाराजांच्या जवळ असावं आणि उपाशी महाराजांच्या नजरेसमोर नसावं, ही दोन्ही कामं करायला मोटारीची पाठ ही एकच जागा होती. रानडुकरं धावली. सांबरं धावली. माकडं धावली आणि ढकलण्याऐवजी नुसतीच ओरडू लागली. साळूबाईही आली, आणि तिच्या पुढे जो होता त्याने तर दुप्पट जोराने ढकललं. रंगनाथला वाटलं आपण मागे राहतोय. त्याने आयाळ सोडली, पट्टा सावरला आणि दाजींच्या शेजारी खांदा लावला.

मिरवणूक इतकी हळू चालली की कासव तिच्या पुढे निघून गेलं. महाराजांना तेच आवडलं. रथातून जाताना प्रजा भर्रकन मागे जायची. आज प्रत्येकाला महाराजांचं दर्शन पोटभर झालं. काहींना तर दोनदा झालं, कारण उतारावर मोटार मागे आली.

संध्याकाळी महाराज पोटभर जेवले. कोणाला ते विचारू नका, पण केरोबा शाबूत होता. त्याला 'राजसारथी' ही पदवी मिळाली. पट्टा मिळाला, वीतभर रुंद. मोटार सरकारजमा झाली. तिला कोणी हात लावायचा नाही, फक्त ढकलायचं, असं फर्मान निघालं. राजसारथ्याची जागा गाडीच्या मागे, उजवीकडे. शिवाय बापूसाहेबांवर आणखी एक काम आलं. जंगलात जे जे काही चालतं आहे ते तपासायचं आणि मूळपदाला न्यायचं. त्यांनी पाणवठ्यापासून सुरुवात केली. आता तिथे मूळचा चिखल आहे.

रंगनाथ रविवारी आला. पट्ट्याकडे बघून एक शब्द बोलला नाही. त्या दिवशी केरोबाला मध इतका गोड लागला की तो सबंध बुधला चाटून बसला.

बाजाराच्या दिवशी भागीरथी उरलेला बुधला डोक्यावर घेऊन एकटीच निघाली. केरोबाला जाता येईना, महाराजांना फेरफटका मारायचा होता. डोंगर चढून, डोंगर उतरून ती दिवेलागणीला परत आली आणि मान धरून ओसरीवर बसली.

"फार दमलीस का गं?" केरोबाने विचारलं. त्याला मनातून लाज वाटत होती, पण पट्टा गळ्यातच होता.

"वाटेत सगळ्यांनी ओळखलं," भागीरथी म्हणाली. "प्रत्येक जण थांबून विचारत होता, राजसारथ्यांच्या मंडळी ना तुम्ही? केवढा मान दिला. वाकून नमस्कार केले."

केरोबाची छाती फुगली. "आणि?"

"आणि बुधला कोणी धरला नाही."

तात्पर्य: चालत्या गाडीला खीळ घालू नये, असं तुमच्या पुस्तकात छापलेलं असेल. परीक्षेत तेच लिहा, गुण मिळतील. पण मोठेपणी पट्टा हवा असेल, तर आधी चालती गाडी बंद पाडावी, मग तिच्या मागे लपावं आणि मनापासून कापावं. ढकलायला सगळं राज्य धावून येतं. गाडी चालत असते तेव्हा हँडल मारायला फक्त बायको असते.